पऱ्हाटी बॉयलरमध्ये गेली, तर चुलीत काय जळणार?

वर्धा जिल्ह्यात कापसाचा शेवटचा वेचा झाला की शेतात वाळलेली पऱ्हाटी उभी राहते. आजवर तिचे तीनच उपयोग आपल्याला माहीत होते. घरची चूल, शेताचं कुंपण, आणि जे उरलं ते धुऱ्यावर ढीग करून पेटवून देणं. आता तिला चौथं गिऱ्हाईक मिळतंय. वीज केंद्रांचे बॉयलर, गिरण्यांचे वाफेचे बॉयलर, लोखंडाच्या आणि सिमेंटच्या भट्ट्या या सगळ्यांना कोळशात थोडा शेतमालाचा अवशेष मिसळून जाळायचा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रं याला 'को-फायरिंग' म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर कोळशासोबत पऱ्हाटी.

या विषयावरच्या बातम्या बहुतेक एकाच मथळ्याने येतात: 'शेतातल्या कचऱ्यातून कमाई'. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. पऱ्हाटीला कचरा कोण म्हणतं? ज्यांच्या घरात दर महिन्याला सिलिंडर येतो ते. ज्या घरातली बाई फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतमालकाला विचारून डोक्यावर मोळी आणते आणि पावसाळ्याची तजवीज म्हणून घराच्या मागे रचून ठेवते, तिच्या भाषेत ते सरपण आहे. आपल्या समाजात भूमिहीन घरं कमी नाहीत. म्हणून हा मसला फक्त पर्यावरणवाल्यांचा किंवा कारखानदारांचा नाही. तो आपल्याही स्वयंपाकघराचा आहे.

नियम कुठून आला?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये पहिल्यांदा औष्णिक वीज केंद्रांना सांगितलं की कोळशासोबत 5 ते 10 टक्के शेती-अवशेषांच्या गोळ्या, म्हणजे पेलेट जाळा. तो सल्ला होता. ऑक्टोबर 2021 च्या धोरणाने तो बंधनकारक केला. पुरेसा माल मिळेना, म्हणून जून 2023 मध्ये धोरण पुन्हा बदललं आणि 2024-25 पासून 5 टक्के, 2025-26 पासून 7 टक्के असं वेळापत्रक आलं. या कामासाठी 'समर्थ' नावाचं राष्ट्रीय मिशनही आहे.

हे सगळं कशासाठी? मुख्य कारण दिल्लीचा धूर. पंजाब-हरियाणात भात काढल्यावर गव्हाच्या पेरणीसाठी शेतकऱ्याला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. तो तणस पेटवतो आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. म्हणून 2023 मध्ये दिल्लीच्या 300 किलोमीटर परिघातल्या वीज केंद्रांसाठी वेगळे नियम आले, न पाळल्यास भरपाईची तरतूद आली. पंजाब सरकारने तर मे 2023 पासून वीटभट्ट्यांना 20 टक्के तणसाचे पेलेट वापरणं सक्तीचं केलं.

आता फरक लक्षात घ्या. पंजाबचं तणस खरोखर नकोसं झालेलं आहे. विदर्भातली पऱ्हाटी तशी नाही. तिचा काही भाग शेतात जळतो हे खरं, पण मोठा भाग गावातल्या चुलींत जातो. पंजाबसाठी लिहिलेलं औषध आपल्याला द्यायचं असेल, तर आधी आपली नाडी तपासायला हवी.

भट्टीत नेमकं काय होतं?

विद्यार्थ्यांना समजावून सांगतो तसं सांगतो. आपल्या भागातला कोळसा जाळला की शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख उरते. वाळलेल्या पऱ्हाटीची राख साधारण 3 ते 6 किलो. उष्णता पाहिली तर एक किलो सुकी पऱ्हाटी जवळपास 4000 किलोकॅलरी देते, म्हणजे आपल्या मध्यम प्रतीच्या कोळशाच्या तोडीस तोड. गंधक तर पऱ्हाटीत नावापुरतंच. कागदावर सौदा चांगला आहे.

मग अडचण कुठे? पहिली अडचण जागेची. ट्रकभर पऱ्हाटी भरली तरी वजन भरत नाही, अर्धा ट्रक हवाच वाहून नेतो. म्हणून ती आधी बारीक करून, सुकवून, मोठ्या दाबाखाली तिचे पेलेट किंवा ब्रिकेट बनवावे लागतात. ब्रिकेटला आपल्याकडे बाजारात 'पांढरा कोळसा' म्हणतात.

दुसरी अडचण आगीची. पऱ्हाटीतला सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग तापवल्यावर वायू होऊन पेट घेतो. कोळशात हे प्रमाण बरंच कमी असतं. वीज केंद्रात कोळसा आधी चक्कीत दळून पिठासारखा करतात आणि गरम हवेने भट्टीत फुंकतात. त्याच चक्कीत पऱ्हाटी जास्त गेली तर भट्टीत पोचायच्या आधीच पेटायचा धोका. म्हणून प्रमाण पाच-सात टक्क्यांवर ठेवलेलं आहे. काही प्रकारच्या चक्क्यांसाठी साधे पेलेट चालतच नाहीत. ते आधी अडीचशे-तीनशे अंशांवर, कमी हवेत भाजून घ्यावे लागतात. कॉफीच्या बिया भाजतात तसाच प्रकार, आणि त्याचा खर्च वेगळा.

तिसरी अडचण राखेच्या स्वभावाची. शेतमालाच्या राखेत पोटॅश असतं. ते कमी तापमानाला वितळून बॉयलरच्या नळ्यांवर चिकटतं. भाताच्या तणसात सिलिका आणि क्लोरीनही असतं, त्यामुळे ते आणखी त्रासदायक. त्या मानाने पऱ्हाटी सालस आहे. म्हणूनच तिला मागणी येणार.

वर्ध्याच्या भट्ट्या

आपल्या जिल्ह्यात दगडी कोळसा आणि कापूस यांची गाठ जुनी आहे. 1870 च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याला रेल्वे गेली ती वरोऱ्याचा कोळसा आणायला आणि हिंगणघाटचा कापूस न्यायला. आजही वर्ध्याजवळ भुगावला पोलादाचा मोठा कारखाना आहे, देवळीच्या एमआयडीसीत लोखंडाचं काम चालतं, हिंगणघाटला कापड आणि सुताच्या गिरण्या आहेत. या प्रत्येक ठिकाणी आग वेगळी आणि पऱ्हाटीची जागाही वेगळी.

वाफेच्या बॉयलरचं काम सगळ्यात सोपं. गिरणीला फक्त उष्णता हवी असते. जाळी आणि पंखा नीट असेल तर ब्रिकेट सहज चालतात, अर्धा कोळसा काढून टाकला तरी फारसं बिघडत नाही.

पोलादाच्या झोतभट्टीत मात्र गोष्ट वेगळी. तिथे कोक, म्हणजे भाजलेला कोळसा, तीन कामं करतो. उष्णता देतो, खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि वरून पडणाऱ्या हजारो टन मालाचं वजन सोसतो. पऱ्हाटी हे वजन सोसू शकत नाही. तिचा आधी कोळसा करून, म्हणजे बायोचार बनवून, दगडी कोळशाच्या भुकटीसोबत खालच्या नळ्यांतून फुंकता येतं. पण एक टन बायोचारसाठी तीन-चार टन सुका माल लागतो. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने हरित पोलादासाठी जे 14 कृतिगट नेमले होते, त्यांत एक बायोचारचाही होता. त्यांचा अहवाल सप्टेंबर 2024 मध्ये आला.

पोलादवाल्यांना एवढी घाई का? कारण बाजार बदलतोय. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या सरकारने हरित पोलादाची व्याख्या ठरवली. एक टन तयार पोलादामागे 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन उत्सर्जन असेल तरच तो हरित. युरोपने 1 जानेवारी 2026 पासून आयात पोलादावर कार्बनचा हिशेब लावून शुल्क घेण्याचा टप्पा सुरू केला आहे. म्हणजे ब्रसेल्समध्ये ठरलेल्या नियमामुळे उद्या सेलू-समुद्रपूरच्या शेतातली पऱ्हाटी कोणी मोजू लागलं, तर आश्चर्य वाटायला नको.

थोडा हिशेब करू

जिल्ह्यात मोठं सरकारी औष्णिक केंद्र नाही, पण आपण अशा केंद्रांच्या मधोमध बसलो आहोत. एका बाजूला कोराडी, खापरखेडा आणि मौदा, दुसऱ्या बाजूला 2920 मेगावॅटचं चंद्रपूर.

एक युनिट वीज बनवायला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो. 1000 मेगावॅटचं केंद्र दोन तृतीयांश क्षमतेने चाललं तर रोज सुमारे 1.6 कोटी युनिट वीज, आणि त्यासाठी रोज 11 हजार टनांच्या वर कोळसा. त्याचे 7 टक्के म्हणजे रोज पावणेआठशे टन. वर्षाला सुमारे 2.8 लाख टन पेलेट.

आता शेताकडे बघा. एका हेक्टरमधून निघणारी सुकी पऱ्हाटी साधारण दोन ते अडीच टन धरू. म्हणजे एका 1000 मेगावॅट केंद्राच्या 7 टक्क्यांसाठी सव्वा लाख हेक्टरच्या आसपास पऱ्हाटी लागेल. वर्धा जिल्ह्याचं कपाशीचं क्षेत्र दोन लाख हेक्टरच्या आसपास आहे. चंद्रपूरचं एकटं केंद्र या हिशेबाने सगळ्या जिल्ह्याची पऱ्हाटी खाऊन वर आणखी मागेल.

हा माझा ढोबळ हिशेब आहे. तूर, सोयाबीन, भाताचं तूस, गवत, बांबू हेही त्यात येतील. पाशा पटेल गेली काही वर्षं वीज केंद्रांसाठी बांबू लावा म्हणून राज्यभर फिरताहेत, त्यामागे हीच गरज आहे. तरी हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सगळ्यांनी नियम खरोखर पाळायचं ठरवलं तर पऱ्हाटी 'अतिरिक्त' राहणारच नाही, तिची टंचाई होईल. दुसरी, एवढी सगळी पऱ्हाटी जाळूनही त्या केंद्रात 93 टक्के कोळसाच जळत राहील. म्हणून 'हरित' हा शब्द जरा सांभाळून वापरावा. सात टक्क्यांचा हिरवा रंग शंभर टक्के चिमणीला फासता येत नाही.

भाव कुठे ठरतो?

पऱ्हाटी विकली जाणार असेल तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, यात वाईट काय? काहीच नाही. प्रश्न चार पैशांचा वाटा कसा पडतो हा आहे.

पेलेट घेणारी वीज कंपनी तो खर्च विजेच्या दरात धरते. त्यामुळे 2023 च्या सुधारित धोरणात पेलेटचा कमाल भाव ठरवण्याची सोय झाली. वरचा भाव असा बांधलेला. मधे दळण्याचा, वाळवण्याचा, दाबण्याचा खर्च आणि वाहतुकीचं डिझेल, हे कमी होत नाही. मग कात्री कुठे लागते? तळाशी. शेतातल्या पऱ्हाटीला ना हमीभाव, ना बाजार समितीत तिची नोंद. जो माणूस ट्रॅक्टर आणि कुट्टी मशीन घेऊन बांधावर येईल, तो म्हणेल तो भाव. पुष्कळदा तर सौदा एवढाच असतो: 'आम्ही फुकट उपटून नेतो, तुझं शेत मोकळं.' शेतकरीही खूश, कारण मजुरी वाचली. पण कारखान्याच्या दारात त्याच मालाचं वजन होऊन पैसे मोजले जातात.

आपल्या भागाने हे आधी पाहिलं आहे. कापूस इथे पिकला आणि त्याची खरी कमाई दूरच्या गिरण्यांत झाली. ज्या पिंजारी, नद्दाफ-मन्सुरी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजून गाद्या-रजया भरल्या, त्यांच्या धनुकलीला फोमच्या गादीने बसवलं. माल आपला, मेहनत आपली, आणि मोल दुसऱ्या गावी. पऱ्हाटीच्या बाबतीत तरी हा धडा आधीच गिरवून ठेवायला हवा.

चुलीचा हक

सगळ्यात कमी बोललं जातं ते चुलीबद्दल. गावांत एक न लिहिलेला करार असतो. कापूस वेचायला येणाऱ्या बाईला हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटून न्यायची मुभा. मालकाचं शेत साफ होतं, तिला सरपण मिळतं. कोणी पैसे देत नाही, घेत नाही. पऱ्हाटीला बाजारभाव आला त्या दिवशी हा करार मोडतो. मालकाचंही चुकत नाही. दोन पैसे मिळत असतील तर तो फुकट का देईल?

यावर एक उत्तर असं मिळेल की चूल बंद झाली तर बरंच आहे. धुराने बायकांची छाती आणि डोळे जातात, लेकरं खोकतात. बरोबर आहे. चुलीचा धूर ही काही जपून ठेवायची परंपरा नाही. पण चूल गॅसने बंद होणं वेगळं आणि सरपण संपल्याने बंद होणं वेगळं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघरी जोडण्या पोचल्या. 2025-26 मध्ये उज्ज्वलाच्या सिलिंडरवर 300 रुपये अनुदान आहे, तेही वर्षाला 9 सिलिंडरपर्यंत. उरलेली रक्कम रोजंदारीवरच्या घराला एकरकमी काढणं जड जातं. त्यामुळे चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, असा मिश्र कारभार अनेक घरांत चालतो. वर्गात इंधनाचा धडा शिकवताना मुलांना 'तुमच्या घरी काय जळतं?' असं विचारलं की बहुतेक हात दोन्ही वेळा वर जातात, गॅसलाही आणि लाकडालाही. वह्यांत ते फक्त गॅस लिहितात, हा भाग निराळा.

उद्या सरपण महागलं तर ही बाई गॅसकडे जाईलच असं नाही. ती नाल्याकाठची बाभूळ तोडेल, टायर-प्लास्टिक जाळेल. म्हणजे चिमणीतला कार्बन कमी झाल्याचा अहवाल लिहिला जाईल आणि त्याचा धूर कुठल्या तरी झोपडीत निघेल. तो कुठल्याच अहवालात येणार नाही.

माती, राख आणि बोंडअळी

शेतीच्या बाजूने पाहिलं तर चित्र दुहेरी आहे. पऱ्हाटी लवकर निघाली तर एक मोठा फायदा आहे. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचं काय केलं ते कोणी विसरलेलं नाही. फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत कपाशी संपवा, पऱ्हाट्यांचे ढीग शेताजवळ ठेवू नका असं कृषी विभाग दर हंगामात सांगतो, कारण अळी त्यांतच दडून राहते. पऱ्हाटीला रोख भाव असेल तर फरदडीचा मोह कमी होईल. हा मुद्दा को-फायरिंगच्या बाजूने मोलाचा आहे.

दुसरी बाजू मातीची. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी झाला आहे. पऱ्हाटीची कुट्टी करून जमिनीत मिसळली तर कर्ब आणि पोटॅश परत जातं. चुलीत जळली तरी राख उकिरड्यावर आणि तिथून शेतात जायची. पण कोळशासोबत जळली तर तिची राख कोळशाच्या राखेत मिसळते, आणि ती राख शेतात टाकावी असं सहसा कोणी म्हणणार नाही. म्हणजे दरवर्षी आपण शेतातलं पोटॅश राखेच्या तलावात पाठवणार आणि वर खताचं पोतं विकत आणणार. त्या तलावांची हालतही आपल्याला ठाऊक आहे. जुलै 2022 मध्ये कोराडीजवळ खसाळ्याचा राख बंधारा फुटला होता. पऱ्हाटीने राख थोडी कमी होईल, पण पाच-सात टक्क्यांनी तो प्रश्न सुटत नाही.

आणखी एक विचार. जाळणं हा पऱ्हाटीचा सगळ्यात स्वस्त उपयोग आहे. कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, तिच्यापासून पेलेट आणि ब्रिकेटच नाही तर फर्निचरला लागणारे पार्टिकल बोर्डही बनवून दाखवले आहेत. या संस्थेचं केंद्र नागपुरात आहे, आपल्यापासून दोन तासांवर. जो माल टेबल होऊ शकतो त्याची आधी राखच का करायची, हे कोणी तरी विचारायला हवं.

मोठी भट्टी, छोटी भट्टी

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न येईल. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. त्यातल्या कितीतरी बेकऱ्या आपल्याच लोकांच्या. मग बेकरीच्या भट्टीतलं लाकूड प्रदूषण आणि कारखान्याच्या भट्टीतली पऱ्हाटी पुण्य, हा कुठला इन्साफ?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण उत्तर भावनेने देऊ नये. बेकरीची भट्टी दाट वस्तीत असते, तिचं धुराडं ठेंगणं, आग मंद, त्यामुळे अर्धवट जळालेला धूर थेट शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. मोठ्या बॉयलरमध्ये तापमान हजार अंशांच्या वर, चिमणी उंच, आणि धूळ पकडणारं यंत्र असतं. त्यामुळे आरोग्याच्या दृष्टीने दोन्हीत खरा फरक आहे. इन्साफचा प्रश्न पुढे सुरू होतो. मोठ्या भट्टीला बदलण्यासाठी वर्षानुवर्षांची मुदत, सुधारित वेळापत्रक आणि दरात खर्च भरून घेण्याची सोय मिळते. छोट्या भट्टीला सहा महिने. बदल दोघांनीही करायचा आहे, मग हात धरणारा कोणी छोट्यालाही असावा, एवढीच मागणी रास्त आहे. आणि मोठ्या भट्टीचं धूळ पकडणारं यंत्र रात्रीही चालू असतं का, हे विचारायचा हक आसपासच्या वस्त्यांना आहे.

जगाचा अनुभव आणि मगनवाडीची आठवण

इंग्लंडमध्ये ड्रॅक्स नावाचं मोठं वीज केंद्र कोळसा सोडून लाकडी पेलेटवर गेलं. पेलेट येतात अमेरिका आणि कॅनडाच्या जंगलांतून, जहाजाने. सरकारी अनुदान मोठं, आणि हे खरंच हरित आहे का यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. तोडलेलं झाड पुन्हा वाढायला दशकं लागतात. पऱ्हाटीचं तसं नाही. ती जूनमध्ये पेरली, हवेतला कार्बन घेऊन वाढली आणि वर्षाच्या आत जळाली. म्हणून कार्बनच्या हिशेबात पऱ्हाटी लाकडापेक्षा सरस आहे. पण पेलेटच्या नावाखाली लाकूड घुसलं तर हा फायदा उडून जातो. तपासणी कोण करणार, हे आत्ताच ठरलं पाहिजे.

यासाठी दूर जायचीही गरज नाही. 1934 मध्ये वर्ध्यातच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत त्याचं काम उभं केलं. धूर कमी करणारी 'मगन चूल' तिथलीच. कुमारप्पांनी निसर्गातल्या संपत्तीचे दोन भाग केले होते. एक साठ्याची, जशी कोळसा-तेलाची, जी वापरली की संपते. दुसरी वाहत्या प्रवाहाची, जशी दरवर्षी वाढणारं जंगल किंवा पीक. गावाने प्रवाहावर जगावं, साठ्यावर नाही, असं त्यांचं म्हणणं. या कसोटीवर पऱ्हाटी कोळशापेक्षा नक्कीच वरची. पण कुमारप्पांची दुसरी अटही होती. प्रवाहातून मिळणारं मोल आधी गावात थांबलं पाहिजे. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, एमगिरी, काम करते. जिल्ह्यात पऱ्हाटीचा उद्योग येणार असेल तर त्याचा नकाशा आधी या आवारात तपासला जावा.

मग करायचं काय?

विरोधासाठी विरोध करण्यात अर्थ नाही. धुऱ्यावर पेटवून देण्यापेक्षा पऱ्हाटी बॉयलरमध्ये गेलेली बरी. पण चार गोष्टी ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत मागता येतील.

एक, बांधावरचा किमान भाव आणि वजनाची पावती. कारखान्याच्या दारातला भाव गावाच्या फलकावर लागला पाहिजे.

दोन, चुलीचा वाटा. ज्या गावातून पऱ्हाटी उचलली जाते तिथल्या भूमिहीन घरांना एक तर ठरावीक सरपण, नाहीतर कंपनीच्या सामाजिक निधीतून वर्षाला काही सिलिंडर मिळावेत. गॅस आधी घरात यावा, मगच पऱ्हाटी शेतातून जावी.

तीन, मातीचा वाटा. सगळी पऱ्हाटी उचलायची नाही. काही भाग कुट्टी करून जमिनीतच राहील असा नियम कृषी विभागाने सांगावा.

चार, गोळा करण्याचं आणि पेलेट बनवण्याचं काम गावातच राहावं. ही शेवटची गोष्ट आपल्या तरुणांनी नीट ऐकावी. पऱ्हाटीच्या धंद्यात बॉयलर शेवटी येतो. त्याआधी कुट्टी मशीन, ट्रॅक्टर-ट्रॉली, वेल्डिंग, बेअरिंग-पट्ट्यांची दुरुस्ती, ट्रक आणि गोदाम लागतं. यातलं जवळपास प्रत्येक काम आपली मुलं आज गॅरेजमध्ये आणि भंगारच्या दुकानात करतात. पेलेट-ब्रिकेटच्या कारखान्याला बँकांनी अग्रक्रम क्षेत्रातून कर्ज द्यावं अशी सोय आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं दारही ठोठावता येईल. ज्यांना व्याजाचं कर्ज नको असेल त्यांनी चार घरांची भागीदारी करावी, किंवा शेतकरी कंपनीत गावातल्या सगळ्या समाजांसोबत भागधारक व्हावं. आपल्या बहिणींचे बचत गट गोळा करण्याचं काम घेऊ शकतात, आणि तेव्हा मोळी आणणारी बाई मागणारी न राहता विकणारी होईल.

मात्र एक जपायचं. एकाच गिऱ्हाइकावर धंदा बांधायचा नाही. वीज केंद्राचं धोरण काही वर्षांत वारंवार बदललं आहे, पुन्हाही बदलू शकतं. जवळच्या गिरणीचा बॉयलर, हॉटेल, विटांचा भट्टा, बोर्डाचा कारखाना, अशी चार-पाच गिऱ्हाइकं असतील तरच मशीनचा हप्ता किंवा भागीदाराचा वाटा सुटेल.

येत्या हंगामात तुमच्या गावात कोणी पऱ्हाटीचा सौदा करायला आला, तर त्याला हाकलू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. आधी दोन प्रश्न विचारा. हा माल पुढे किती रुपये टनाने जातो? आणि आजवर जी बाई ही पऱ्हाटी न्यायची, तिच्या चुलीचं काय ठरलं आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसेल, तर ते गावालाच द्यावं लागेल.